वाऱ्याच्या पुस्तकातलं चिकटवलेलं पान

८ फेब्रुवारी

चि. सूनबाई,
अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. रोज लिहायचं ठरवतो आणि रोज काहीतरी आडवं येतं. एकदा पेनची रिफिल संपली, एकदा भिंगरीला खोकला झाला, एकदा तर कागद घेऊन बसलो आणि लिहिण्यासारखं काही चांगलं नाही म्हणून उठलो. माझं शिक्षण तुला माहीतच आहे. जोडाक्षर आलं की अजून अडखळतो. चुका पोटात घाल.

खोकल्याचं वाचून घाबरू नको. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी औषध दिलं, आता बरा आहे. तसा झोपेत येतो थोडा. पण बरा आहे.

तुझा फोन लागत नाही. तरी रविवारी आम्ही दोघं फोन समोर ठेवून बसतो. नर्सबाई परवा म्हणाल्या, "आजोबा, फोन म्हणजे काय दूध आहे, उतू जाईल म्हणून बघत बसायला?" मी हसलो. भिंगरी नाही हसली.

शेवटच्या फोनवर तिने तुला विचारलं होतं, "पप्पा तिथेच आहेत ना? दे ना त्यांना." तू काही न बोलता फोन ठेवलास. मी समजलो. दोष देत नाही. रोज त्या पोरीच्या तोंडाकडे बघून खोटं बोलणं तुला झेपेना म्हणून तू तिकडची नोकरी धरलीस, हेही मला कळत होतं. फक्त त्या फोननंतर तुझा आवाज आमच्या घरात आलेला नाही, एवढंच सांगतो.

तुला दिलेला शब्द मी पाळतो आहे. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना तू तिला उचलून म्हणालीस, पप्पा लांब कामाला गेलेत. मग मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणालीस, "बाबा, ती पहिलीत जाईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. मी सांगेन. मीच सांगेन." ठीक आहे. कुणी काही बोललेलं नाही. तू गेल्यावर तिने विचारलं तेव्हा मी तेच वाक्य पुढे चालवलं. पप्पा लांब कामाला गेलेत, आता आईपण लांब कामाला गेली.

वारा सुटला की ती अजून कॉटखाली जाऊन बसते. त्या संध्याकाळी खिडक्या आपटत होत्या, तेवढं तिच्या मनात राहिलं असावं. मी म्हणतो, अगं, वारा काय करणार आहे? आणि उठून खिडक्यांच्या कड्या लावतो.

एक बरी गोष्ट सांगतो, तिच्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. बालवर्गाच्या बाईंनी नवीन चालू केलं आहे. शुक्रवारी प्रत्येक पोराबरोबर कापडी पिशवीतून एक चित्रांचं पुस्तक घरी येतं. ऊन, ढग, धुकं, वारा, असं एकेक. घरच्यांनी वाचून दाखवायचं. सोमवारी पोरांनी वर्गाच्या खिडकीशी उभं राहून बाहेर काय आहे ते बघायचं आणि तसं चित्र चिमट्याने दोरीला लावायचं. बाई म्हणाल्या, "मुलं आधी पुस्तकात बघतात, मग आभाळात शोधतात." मी म्हणालो, "बाई, मी जन्मभर लिफ्ट चालवली. त्या डब्याला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मला लोकांच्या छत्र्यांवरून कळायचं." बाई म्हणाल्या, "मग तुम्ही आणि नात एकाच वर्गात."

पहिलं ढगाचं पुस्तक आलं. त्यात एका मुलीची आई उकळत्या पाण्यावर ताट धरून पाऊस कसा होतो ते दाखवते. मीही धरलं. ताटाला खालून थेंब आले आणि टपटप पडायला लागले. भिंगरी म्हणाली, "आजोबा, तुम्ही पाऊस केला." आणि हसली. किती दिवसांनी हसली असेल ते विचारू नको.

गॅस नंतर बंद केला होता. दोनदा जाऊन बघितला.

तुझा,
बाबा


२६ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

आधीचं पत्र परत आलेलं नाही, म्हणजे कुणीतरी घेतलं आहे. ते तूच असशील असं धरून चालतो.

मागचं पत्र टाकलं त्याच शुक्रवारी वाऱ्याचं पुस्तक आलं. ती झोपली तेव्हा मी आधी एकट्याने बघून घेतलं. हल्ली तसंच करतो, म्हणजे अडखळण्याचे शब्द आधीच कळतात. सुरुवात छान आहे. वारा पतंग उडवतो, दोरीवरचे कपडे हलवतो, एका टकल्या माणसाची टोपी पळवतो. त्या टोपीला भिंगरी हसणार, हे मला दिसत होतं. मग मधलं पान उलटलं तर दोन्ही बाजू काळ्यानिळ्या. वादळ. झाड वाकलेलं, खिडक्यांत अंधार. आणि कोपऱ्यात विजेचा खांब, खांबावर पिवळी टोपी घातलेला माणूस, हातात पक्कड.

सूनबाई, मी ते पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन उभा राहिलो. पोरांच्या पुस्तकात असलं कशाला काढायचं? काढणाऱ्याला काय माहीत म्हणा. त्याने चांगल्या मनानेच काढलं असणार. पक्कडसुद्धा बरोबर आपल्या घरात होती तशीच, लाल मुठीची.

मला दुसरं काही सुचलं नाही. मैद्याची खळ शिजवली आणि ती दोन पानं समोरासमोर चिकटवून टाकली. वर पोळपाट ठेवला. सकाळी पान जरा जाड लागत होतं, पण पोराला काय कळतंय. टोपीच्या पुढे थेट सकाळचं चित्र येत होतं, घराघरांत उजेड वगैरे. मधलं मी माझ्या मनाने घातलं. म्हणालो, मग वारा दमला आणि आपल्या घरी जाऊन झोपला.

ती म्हणाली, "वाऱ्याचं घर कुठे असतं?"

"डोंगरामागे."

"दार असतं?"

"असतं. आणि कडी आतून लावतो."

दोन दिवसांनी संध्याकाळी जोराचा वारा सुटला. मी कॉटकडे बघत होतो. भिंगरी खिडकीपाशी गेली आणि बाहेर ओरडून म्हणाली, "ए, दमलास की घरी जा हं." कॉटखाली गेली नाही. नर्सबाईंना मी जिन्यात गाठून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला शाळेत नोकरी द्यायला हवी." माझी छाती जरा फुगली, खोटं कशाला सांगू.

म्हणून पुढच्या शुक्रवारी आलेल्या विजेच्या पुस्तकातलंही एक पान तसंच केलं आणि परवा आलेल्या पुराच्या पुस्तकातली मधली सगळी. आता पूर म्हणजे नदी फिरायला निघते, एवढंच तिला ठाऊक आहे.

तुझा शब्द राहावा म्हणूनच हे. तुला आवडेल की नाही कळत नाही. आवडलं नाही तर तसं लिही, पण लिही.

बाबा


१४ मार्च

चि. सूनबाई,

एक विचारायचं आहे आणि उत्तर लवकर हवं आहे. आधी काय झालं ते सांगतो.

मागच्या मंगळवारी सकाळपासून वारा होता. बाईंनी सगळ्या पोरांना खिडकीशी नेलं, झाडाची पानं कुठल्या बाजूला वळतात ते दाखवलं, बोट ओलं करून हवेत धरायला लावलं. मग गोल बसवून वाऱ्याचं पुस्तक काढलं. वर्गात वाचायचं मोठं पुस्तक वेगळं असतं, हे मला माहीतच नव्हतं. पिशवीतलं तेवढं एकच, असं मी समजत होतो. माणसाने काही करावं तर आधी विचारून तरी घ्यावं.

काळं पान आलं तशी आपली भिंगरी उभी राहिली. म्हणाली, "बाई, हे पान पुस्तकात नाहीये." बाई म्हणाल्या, "आहे की, हे बघ." ती म्हणाली, "नाहीये. वारा दमतो आणि घरी जातो. माझ्या आजोबांनी वाचलंय." पोरं हसली. एक जण म्हणाला, "तिच्या आजोबांना वाचताच येत नाही." ती त्याला चावली.

मग बाईंनी पिशवीतलं पुस्तक आणून तिच्या हातात दिलं, की बाळा, तूच शोध. त्यांनाही ठाऊक नव्हतं. भिंगरीने पान चाचपलं. जाड लागलं. बाईंनी उजेडात धरलं, मग फूटपट्टी घालून हळूहळू उचकटलं. ते सरळ निघतंय होय. खळ मी घट्ट केली होती. चित्राचा कागद सोलून निघाला. खांबावरच्या माणसाचं तोंड आणि छाती त्या बाजूला गेली, पाय आणि पक्कड या बाजूला राहिली.

भिंगरी म्हणाली, "पप्पांची पक्कड."

बाईंनी मला बोलावून घेतलं. मी मान खाली घालून उभा. "आजोबा, ही पुस्तकं सगळ्या वर्गाची आहेत हो."

"भरून देतो, बाई."

"भरून द्यायचं नाही म्हणत मी. मला सांगा, असं का केलंत?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, माझ्या मुलाचं. बाई वयाने आपल्या नर्सबाईंच्या मुलीएवढ्या असतील. त्या लहान मुलांच्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "भीतीचं पान मी मुलांना मुद्दाम वाचून दाखवते. जवळ घेऊन. एकट्याने ते पान बाहेर भेटण्यापेक्षा बरं." मी म्हणालो, "बाई, जवळ घ्यायला मी एकटाच उरलोय आणि ते पान बघून मीच गच्चीवर पळालो."

आता घरातलं सांगतो. त्या दिवसापासून भिंगरी सगळं सोलते. घरात कागद म्हणून जो आहे तो नखाने उचकटून बघते. दिनदर्शिका सोलली. औषधाच्या खोक्याचे थर काढले. पुस्तकांचे पुठ्ठे पाण्यात भिजवून उलगडले. मी ओरडलो नाही. मी विचारलं, "काय शोधतेस गं राणी?" तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा कुठल्या पानात चिकटवले?"

विचारायचं ते हे. मी सांगू का? शब्द तुला दिला आहे आणि सांगण्याचा हक्क तुझा आहे. आई तू आहेस. तू येऊन सांगत असशील तर तसं कळव, मी तोवर काहीतरी करून थोपवून धरतो. येणं जमत नसेल तर नुसतं हो किंवा नाही लिही. एका कार्डावर मावेल.

बाबा


२१ मार्च

चि. सूनबाई,

टपालवाला आला की मी जिना उतरून जातो. आता त्याला माझीच दया येते. लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून.

भिंगरी मला वाचू देत नाही. पुस्तक आलं की स्वतः घेते, प्रत्येक पान दोन बोटांत चोळून बघते, मग उजेडात धरते. धुक्याचं पुस्तक होतं. त्यात सगळीच पानं पांढुरकी. चोळून चोळून कागदाला भोक पडलं. म्हणाली, "इथे तुम्ही काय लपवलंय?" मी म्हणालो, "काही नाही गं, धुकं असंच असतं." ती म्हणाली, "तुम्ही सांगू नका."

जेवते चिमणीएवढं. खोकला परत आहे. नर्सबाई म्हणतात, "छातीत काही नाही आजोबा, पोर आतून कुढतेय. तिच्या आईला बोलवा." कसं बोलावू ते त्यांनाही सांगता येत नाही. तुझ्या कामाच्या ठिकाणच्या पत्त्यावर मी लिहितोय, तोच अजून तुझा पत्ता आहे ना, एवढं जरी कळलं तरी बरं वाटेल.

वारा आला की ती आता कॉटखालीही जात नाही आणि खिडकीशीही नाही. खोलीच्या मधोमध उभी राहते. कॉटखाली जायची ते बरं होतं, असं मला वाटायला लागलंय.

बाबा


२ एप्रिल

चि. सूनबाई,

सांगितलं.

तुझी वाट बघितली, मग बघवेना. मागच्या रविवारी दुपारी भिंगरी स्वतःच वाऱ्याचं पुस्तक घेऊन आली. बाईंनी ते तिलाच देऊन टाकलं आहे, फाटलेलं. काळं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "जे लिहिलंय तेच वाचा. मनातलं नको."

मी अक्षरावर बोट ठेवून वाचलं. वादळात तारा तुटतात. खांबावरचा माणूस त्या जोडतो. मग घराघरांत दिवे लागतात. एवढंच लिहिलं आहे. एवढ्याशा मजकुरासाठी मी खळ शिजवली होती.

तिने पुढचं पान उलटलं. सकाळ, उजेड, खिडकीतून बघणारी माणसं. तिने सगळ्या चित्रावर बोट फिरवलं.

"तो माणूस कुठे आहे?"

"उतरला असेल."

"पुस्तकातला की पप्पा?"

मी म्हणालो, "पुस्तकातला उतरला. पप्पा नाही उतरले. पप्पा मेले, राणी."

हा शब्द माझ्या मुलासाठी मी तोवर तोंडातून काढला नव्हता. लोकांनी काढला, कागदावर लिहिला गेला, त्याच्या वीज कंपनीच्या साहेबांनी काढला. मी नाही. तो त्या पोरीसमोर पहिल्यांदा निघाला. मला वाटलं ती रडेल, मग मी जवळ घेईन, बाई म्हणाल्या तसं. ती रडली नाही. तिने विचारलं, "म्हणजे लांब कामाला नाही गेले."

"नाही."

"मग आई?"

मी म्हणालो, "आई लांब कामाला गेली आहे."

सूनबाई, ते वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, की ते तिने कसं ऐकलं. दुसरं वाक्य माझ्याकडे नव्हतं. खरं तेच होतं. मी घाईघाईने म्हणालो, "अगं आई खरंच कामाला गेली आहे, खरंच." ती म्हणाली, "पप्पांचंपण तुम्ही खरंच म्हणायचात." आणि पुस्तक मिटून आत गेली.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे माझी तऱ्हा तुझ्या लक्षात येईल. तुझा फोटो दाखवला. ती म्हणाली, पप्पांचापण फोटो आहे. कपाट उघडून तुझे कपडे दाखवले. ती म्हणाली, पप्पांचेपण आहेत. तुझा पत्ता लिहिलेला कागद दाखवला, तर तिने तो उजेडात धरला, चोळला आणि मला परत दिला. नर्सबाईंना खाली बोलावून आणलं, की तुम्ही सांगा. त्यांनी सांगितलं. भिंगरी शहाण्यासारखी मान हलवून त्यांना म्हणाली, "तुम्हीपण त्या दिवशी पप्पा कामाला गेले म्हणाला होतात." नर्सबाई तोंडाला पदर लावून वर निघून गेल्या. मोठी म्हणून जेवढी माणसं तिच्या ओळखीची आहेत, ती सगळी त्या दिवशी तिच्याशी तेच बोलली होती. आता साक्षीला आणू कुणाला?

सोमवारी बाईंनी निरोप पाठवला. खिडकीशी सगळी पोरं चित्र लावत होती, ऊन म्हणून. भिंगरीने चित्र लावलं नाही. शेजारच्या मुलीला म्हणाली, "माझे आई आणि पप्पा दोघं मेले. माझ्या आजोबांना माहितीय, पण ते सांगत नाहीत." बाईंनी तिला जवळ घेऊन समजावलं. ती निमूट ऐकून घेते, बाई म्हणाल्या, मोठ्या माणसाने लहानाचं ऐकून घ्यावं तसं.

आजच्या रविवारी मी फोन समोर ठेवला, तर तिने तो उचलून फळीवर नेऊन ठेवला. म्हणाली, "राहू दे आजोबा. तुम्हाला उगाच वाईट वाटतं." चार वर्षांची पोर माझी समजूत काढते. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो.

आणि एक लिहितो, ते वाचून मग कागद फाडून टाक. हल्ली मीही तिला ठासून सांगू शकत नाही. तुझं एक अक्षर नाही, फोन नाही. आई आहे, असं म्हणताना माझाच आवाज कमी होतो आणि तो कमी झालेला तिला बरोबर ऐकू येतो. मी तुझ्या शब्दाबाहेर गेलो, तुझं काम मी केलं आणि वाईट केलं, हे मला मान्य आहे. मला परत तोंड दाखवू नका म्हणालीस तरी चालेल. तिला तुझ्याकडे घेऊन जायचं असेल तर तेही चालेल, मी बॅग भरून ठेवतो. मी कसा राहीन हा प्रश्न यात नाही.

फक्त फोन कर. रविवार असायला नको, कधीही कर. मी उचलला की माझ्याशी एक शब्द बोलू नको, सरळ तिला मागून घे. काय बोलायचं सुचलं नाही तर रागाव. जेवत का नाहीस म्हणून रागाव, नखं का वाढलीत म्हणून रागाव. फोटो रागावत नाही, हे तिला कळेल.

मात्र पत्र पाठवू नको. पत्र आलं तर ते मलाच वाचून दाखवावं लागेल आणि ती म्हणेल, हे आजोबांनी मनाने घातलं. तुझा आवाज येऊ दे, सूनबाई. लवकर येऊ दे.

तुझा,
बाबा